जोडीला एक हलकी

बुलेट पडली तेव्हा ती चालत नव्हती. लोकेशला नंतर हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. चालत्या गाडीवरून माणूस पडतो त्यात लाजण्यासारखं काही नसतं. खड्डा असतो, वाळू असते, कुत्रं आडवं येतं. भाईंदरच्या केबिन रोडवर त्या संध्याकाळी यातलं काही नव्हतं. पुढची रिक्षा थांबली म्हणून तो थांबला, नेहमीसारखा डावा पाय खाली टेकवला, आणि दाराच्या बिजागरीतला खिळा कुणी उपसून घ्यावा तसा गुडघा दुमडला. जवळजवळ दोनशे किलोची गाडी सावकाश, त्याला विचार करायला भरपूर वेळ देत, डावीकडं कलंडली. कांदे-बटाट्याच्या हातगाडीला हँडल घासलं, दोन बटाटे घरंगळत गटाराच्या झाकणापर्यंत गेले, आणि तो रस्त्यावर बसलेला होता, एक पाय गाडीखाली, हेल्मेट डोक्यावर तसंच. हातगाडीवाली बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कांद्याचं घमेलं बाजूला ठेवलं आणि पदर खोचून गाडीला हात लावला. ट्यूशनवरून येणारी एक मुलगी, समोरच्या साडीच्या दुकानातला एक माणूस आणि ती बाई, तिघांनी मिळून बुलेट उभी केली. दुकानातला माणूस हात झटकत म्हणाला, "अंकल, इतनी भारी गाडी काय को चलाते हो? एक्टिवा ले लो. आराम से जाओ." त्याचे केस काळे केलेले होते. वरच्या ओठावर मेंदीचा लालसर पट्टा राहून गेला होता. पन्नाशीच्या खालचा तो नक्कीच नव्हता, आणि लोकेश सेहेचाळीसचा होता. लोकेश म्हणाला, "थँक्यू." राग तेव्हा आला नाही. राग घराच्या कोपऱ्यावर, गाडी स्टँडला लावताना आला, आणि आला तो पूर्ण भरून, कानशिलापर्यंत. अंकल कुणाला म्हणतोस, तुझी गाडी कुठाय, तुझ्या बापाला सांग एक्टिवा घ्यायला, अशी सगळी उत्तरं त्यानं बिल्डिंगच्या मीटरच्या पेट्यांना दिली.

तेजश्रीनं खरचटलेलं कोपर बघितलं आणि डेटॉल आणायला गेली. ती काही विचारण्याच्या आधीच तो म्हणाला, "पाय सटकला."

"सटकला की गेला?" ती म्हणाली. "डॉक्टरनं काय सांगितलं होतं? गुडघ्यातली गादी फाटलीय. वजन द्यायचं नाही. तुम्ही त्या धुडाला दिवसातून पन्नास वेळा त्याच पायावर पेलता."

"मग काय करू?"

"विकून टाका."

"विकणार नाही."

"मग रोज सकाळी मी आणि आपली पिंकी येतो उचलायला."

"दुसरी घेतो," तो म्हणाला. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. "हलकी. जुनीच बघतो, स्वस्तातली. रोजच्या कामाला ती, आणि ही राहील. जोडीला."

"जोडीला!" तेजश्री हसली, आणि कापूस जरा जोरातच दाबला. "गाड्यांचं लग्न लावताय का? सोसायटीत एक लावायला जागा मिळेना, दुसरी कुठं, गच्चीत?" गॅलरीत तात्या बसले होते. लोकेशचे वडील, तात्याराव, पंच्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी परभणीकडचं गाव सोडून इथं आलेले. ते सगळं ऐकत होते. त्यांनी मान वळवून मुलाच्या कोपराकडं पाहिलं, मग गुडघ्याकडं, आणि पुन्हा खाली रस्त्याकडं बघत राहिले. काही बोलले नाहीत. तात्यांचं हे न बोलणं लोकेशला दारावर अडकवलेल्या ओल्या टॉवेलसारखं वाटायचं. जाता-येता तोंडाला लागणारं.

तेजश्रीला समजावणं अशक्य होतं असं नाही, त्याला समजावायचंच नव्हतं. लोकेश एका कंपनीत आग विझवायच्या यंत्रणा तपासायचं काम करायचा. मीरा रोड, काशीमिरा, घोडबंदरच्या बाजूचे नवे टॉवर. रोज पाच-सहा सोसायट्या, प्रत्येक मजल्यावरचं लाल नळकांडं, त्याचा काटा हिरव्यात आहे का बघायचं, पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवून बघायचा, कार्डावर सही. बावीस-बावीस मजले तो वरून खाली जिन्यानं उतरायचा. गुडघा तिथंच झिजला होता, बुलेटवर नाही. पण हे त्यानं डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट तर कुणालाच सांगण्यासारखी नव्हती. तो बुलेटवरून गेटवर आला की वॉचमन आधी आवाज ऐकायचे. उभे राहायचे. दांडा वर व्हायचा. आत जाऊन त्यानं डिकीतून टूलकिट काढलं, गळ्यात कार्ड अडकवलं की त्याच वॉचमनचा चेहरा बदलायचा आणि तो म्हणायचा, "आप सर्विस लिफ्ट से जाना." पण गेटपासून त्या डिकीपर्यंतची जी दोन-तीन मिनिटं असायची ती त्याची होती. दिवसातून सहा वेळा तीन मिनिटं. हलक्या गाडीवर दांडा खालीच राहणार, हे त्याला ठाऊक होतं. शंभर सीसीच्या गाड्या डिलिव्हरीवाल्यांच्या रांगेत बाहेर लावतात. "किधर जाना है? किसके पास? एंट्री करो." म्हणजे जोडीला घ्यायची ती गाडी खरं तर रोजची होणार, आणि बुलेट रविवारची, आणि रविवारी त्याला कुठल्याच गेटमधून आत जायचं नसायचं. हे सगळं कळूनही त्याला बुलेट विकायची नव्हती. ऑफिसमधला अनिश म्हणाला, विक. डॉक्टर म्हणाला, विका. बिल्डिंगचा सेक्रेटरी लिफ्टमध्ये, न विचारता, म्हणाला, "अच्छा प्राइस आ जाएगा." जणू सगळ्या शहराची मीटिंग झाली होती आणि त्यात ठरलं होतं की लोकेशनं आता तिच्यावरून उतरावं.

उतर. हा शब्द त्याच्या कानात फार जुना होता. तात्या शेजारच्या गावच्या शाळेत शिपाई होते. रोज सायकलनं जायचे, आणि लोकेश त्याच शाळेत म्हणून पुढच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून बसायचा. वस्तीतून निघालं की ओढा, मग गाव, आणि गावात देशमुखांचा लांब ओटा. ओट्याच्या जरा अलीकडं तात्यांचा ब्रेक लागायचा. "उतर." लोकेश उतरायचा. तात्या उतरायचे. सायकल हातात धरून दोघं चालत ओटा पार करायचे. पुढं पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा, "बस." बरेच दिवस त्याला वाटायचं, तिथं रस्ता खराब आहे. तो खाली बघत चालायचा, दगड शोधत, आणि त्याला दगड दिसायचेही. तिसरीत असताना एकदा वर्गातल्या एकानं सांगितलं की रस्ता सगळा सारखाच आहे, तुमी लोकं तिथनं बसून जात नसता. सांगणारा काही दुष्ट मुलगा नव्हता. त्यानं आमच्या घरी म्हैस व्याली असं सांगावं तसं सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी परत येताना तात्यांचा ब्रेक लागला तेव्हा लोकेश दांड्यावरून उतरला नाही. तात्यांनी त्याला काखेत धरून उचलून खाली ठेवलं. मारलं नाही, बोलले नाहीत. नुसतं उचलून ठेवलं, पोतं ठेवावं तसं. त्यांच्या हातांची ती पकड त्याला अजून काखेत जाणवायची. आज इतक्या वर्षांनी, सगळी मीटिंग त्याला सांगत होती, उतर, तेव्हा दोन्ही काखांत तेच दोन हात होते.

मीरा रोडच्या हाटकेशमध्ये गाळ्यांच्या रांगेत नीरज नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. लोकेश तिथं तीनदा गेला. गाड्या एकमेकींना इतक्या चिकटवून लावलेल्या की मधली बघायची तर सात काढाव्या लागत. नीरज प्रत्येक गाडीच्या टाकीवर थाप मारून म्हणायचा, "सिंगल ओनर, सर. डॉक्टर की गाडी है." पाच गाड्यांपैकी चार डॉक्टरांच्या होत्या. एकीचं किलोमीटर अकरा हजार होतं आणि पाय ठेवायच्या दांडीचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. दुसरीच्या टाकीचा काळा रंग नखानं उकलला तर खाली लाल. लोकेशनं नख दाखवलं. नीरज हसला. "बजेट कितना बोला आपने? चालीस? चालीस में तो सर ऐसा ही आता है." मग तो दारात उभ्या बुलेटकडं गेला, तिच्याभोवती एक चक्कर मारली, टाकीवरच्या निळ्या अक्षरांतल्या 'जय भीम'शी त्याची नजर जरा अडखळली आणि पुढं गेली. "ये दे दो ना. स्टिकर निकल जाएगा, हीट गन से. दाग भी नहीं रहेगा. इसके बदले में दो गाड़ी ले जाओ." तो अगदी सहज बोलला होता, धंद्यातलं बोलणं. लोकेशनं विचारलं, "क्या निकल जाएगा?" आवाज असा आला की शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग थांबलं. नीरजनं दोन्ही हात वर केले. "अरे सर, मैंने क्या बोला?" खरंच, काय बोलला होता तो? लोकेश किक मारत राहिला, डाव्या पायावर सगळा भार, गुडघ्यात कळ, आणि गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली तेव्हा त्याला जाणवलं की सेल्फचं बटन होतं आणि ते त्याला आठवलंच नव्हतं.

ती अक्षरं त्यानं बारा वर्षांपूर्वी, गाडी घेतली त्याच आठवड्यात लावून घेतली होती, आणि मग गाडी घेऊन तो गावी निघाला होता. भाईंदर ते परभणी, दोन दिवस. कंबरेचा भुगा झाला. लोक म्हणाले, नवी गाडी एवढी लांब कशाला मारतोस? त्यानं कुणाला सांगितलं नाही कशाला. दोन दिवस त्याच्या डोळ्यांपुढं फक्त शंभरेक पावलांचा एक रस्ता होता. आई, वैजयंता, तेव्हा होती; तिनं चाकाखाली लिंबू ठेवलं नाही, नारळ फोडला नाही, टाकीवर हात फिरवून म्हणाली, "लई गार लागती." दुसऱ्या दिवशी सकाळी तो तात्यांना म्हणाला, चला, चक्कर मारू. तात्या मागं बसले. ओढा झाला. गाव आलं. ओटा दिसायला लागला, ओट्यावर दोन म्हातारे, आणि लोकेशनं गाडी दुसऱ्या गिअरला घेतली, मुद्दाम, आवाज घुमावा म्हणून. त्याच्या छातीतले ठोके आणि इंजिनाचे ठोके वेगळे राहिले नव्हते. आणि खांद्यावर थाप पडली. "थांब." त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "थांब, बाबू. उतरतो म्या." तो थांबला. का थांबला हे त्याला बारा वर्षांत कळलं नाही. आवाजच तसा होता, किंवा काखा अजून नऊ वर्षांच्या होत्या. तात्या उतरले. आणि लोकेशनं गाडी अशी पळवली की मागचं चाक घसरलं. त्यानं मागं पाहिलं नाही. ओट्यावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते त्यानं ऐकलं नाही. तालुक्याच्या गावापर्यंत तो तसाच गेला, तिथं एका पंपावर उभा राहून रडला, अंधार पडल्यावर घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला निघाला. आईनं दिलेल्या भाकरी बांधलेल्या तशाच राहिल्या. त्या दिवसापासून त्याला तात्यांचा जो राग होता तो साधा नव्हता. देशमुखांवरचा राग सोपा होता, त्याला भाषणं होती, गाणी होती, मोर्चे होते. ज्याच्यासाठी लढायचं तोच मागून खांद्यावर थाप मारतो, त्या रागाचं काय करायचं असतं हे कुणी कुठल्या मंचावरून सांगितलं नव्हतं.

घोडबंदर रस्त्यावरच्या चेणे गावातली गाडी त्याला मोबाईलवरच्या जाहिरातीत सापडली. स्प्लेंडर, नऊ वर्षं जुनी, एकाच मालकाची. फोनवर म्हातारा आवाज म्हणाला, "येऊन बघा. बघाला पैसं न्हाय लागत." रविवारी सकाळी लोकेश निघाला तेव्हा तात्या दारात तयार उभे होते. "म्या येतो."

"तुम्ही कशाला? ऊन आहे."

"येतो म्हणलं ना."

बुलेटच्या उंच सीटवर चढायला तात्यांना तीन प्रयत्न लागले. एकदा पाय सीटपर्यंत गेला आणि परत आला. लोकेशला आरशात ते दिसलं, आणि त्यानं आरसा नीट करायच्या निमित्तानं तो दुसरीकडं फिरवला. दोन वर्षांत तो तात्यांना घेऊन दवाखान्यात, विहारात, बँकेत गेला होता आणि प्रत्येक वेळी त्यांना चढायला वेळ लागतो म्हणून मनातल्या मनात चिडला होता. घोडबंदर रस्त्यावर ट्रकांची रांग होती. तात्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता. तो हात तिथं आहे हे तो पूर्ण रस्ता विसरू शकला नाही.

गाडीचा मालक धाकू सत्तरीचा होता, हाफ पँट, बनियन, डोळ्यांवर काळा चष्मा. घराच्या पडवीत स्प्लेंडर उभी होती, पुसलेली, काळी, टाकीला उजवीकडं एक पोचा. त्यावर रंग मारून लपवलेलं काही नव्हतं. "यावर भाजी नेली मी नऊ वरसं, काशीमिऱ्याला," धाकू म्हणाला. "आता मना डोल्यानं बराबर दिसत न्हाय. ऑपरेशन झालंय. पोरी बोलतात, बाबा, बस झालं. गारी एक नंबर हाय. पोचा हाय तो हाय. मी खोटा न्हाय बोलत." त्याची बायको चंपा आतून पाणी घेऊन आली. पडवीत प्लास्टिकची एकच खुर्ची होती. धाकूनं ती तात्यांपुढं सरकवली. "बसा, बाबा."

तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या," आणि खाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, हात टेकून बसले.

लोकेशला पुढचं सगळं फार स्वच्छ दिसलं. खुर्ची वर, रिकामी. बाप खाली, अनोळखी माणसाच्या दारात, त्याच्या पायांच्या उंचीवर. तीन मिनिटांची गेटं, सर्व्हिस लिफ्ट, हीट गन, केस काळे केलेला तो माणूस, सगळं एकाच वेळी त्याच्यापुढं उभं राहिलं. "उठा!" तो ओरडला. "खुर्ची दिलीय ना माणसानं? वर बसा! कुठंही जा, कुणाच्याही दारात जा, तुम्हाला खालीच बसायचंय. सांगितलंय का कुणी? इथं कुणी सांगितलंय का?" चंपाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. धाकूला काही कळेना, तो म्हणाला, "अवो, काय झालं? बसूंदे ना त्यांना कुठंपन."

तात्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "चेन बघाया बसलो, बाबू," ते म्हणाले. "वरनं दिसती व्हय?" आणि त्यांनी हात पुढं करून मागचं चाक फिरवलं, चेन दोन बोटांत धरून खाली-वर केली, मान वाकडी करून इंजिनाच्या बुडाशी बघितलं, तिथं बोट फिरवून वास घेतला. "तेल गळत न्हाई. चेनीचा संच नवा हाय. पुढचा टायर बदलावा लागंल." शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या सायकली वीस वर्षं तेच दुरुस्त करायचे. लोकेशला हे माहीत होतं. हे माहीत असलेला तो कुठं गेला होता?

आता थांबायला हवं होतं. पण राग थांबण्यासाठी नसतोच. त्याला पुढची पायरी दिसली की तो पाऊल टाकतो. "आणि त्या दिवशी?" तो म्हणाला. आवाज आता ओरडण्याचा नव्हता, फाटलेला होता. "त्या दिवशी काय बघायला उतरला होतात? बुलेटवरून. ओट्यापुढं. तिथं कुठली चेन होती?"

चेनीचं काळं वंगण बोटाला लागलं होतं ते तात्यांनी जमिनीवर पुसलं. धाकू आणि चंपा आत गेले नाहीत, आणि लोकेशला त्याचंही काही वाटेना.

"त्या दिशी म्या बूट घातलं व्हतं," तात्या म्हणाले. "तूच आणलेलं. काळं, नाडीचं."

"मग?"

"त्या वाटंनं म्या लहानपणापसून चप्पल हातात घिऊन गेलो. लग्नाच्या दिशी बी. वैजयंता माझ्या मागं, तिच्या बी हातात. मग नोकरी लागली, तवा पायात घालाया लागलो, पर सायकल हातात. एवढंच फुडं गेलो म्या सगळ्या जल्मात." त्यांनी श्वास घेतला. "गाडीवर बसलो तर पाय कुणाला दिसत्यात, बाबू? तू बसलेला, गाडी तुझी, भर्रकन गेलो असतो. ते म्हणले असते, पोरगा घिऊन गेला. मला चालायचं व्हतं. बूट घालून. सावकाश. टाचा वाजवत चाललो म्या. एक ओट्यावरनं म्हणला, काय तात्या, बूट? म्या म्हणलं, व्हय. बूट."

"मला का नाही सांगितलं?"

"तू थांबलास कुठं? म्या गिरणीपशी तासभर हुबा ऱ्हायलो, तू वळून येशील म्हणून. तुला दाखवायचं व्हतं. मागं बघितलंच न्हाईस. सकाळी तर निघून गेलास."

एखाद्याला वाटेल की इथं लोकेशचा राग उतरला असेल. तसं झालं नाही. राग वाढला, पण आता त्याला उभं राहायला जागा नव्हती. बारा वर्षं त्यानं तो वापरला होता. रोज सकाळी किक मारताना, जिने उतरताना, तात्या गॅलरीत गप्प बसलेले दिसताना. त्याच्या सगळ्या बोलण्याच्या, गप्प बसण्याच्या खाली तो पाट मांडून ठेवल्यासारखा होता, आणि आता कुणीतरी पाट ओढून घेतला होता. तात्यांनी गिरणीपाशी काढलेला तो तास त्याला दिसू लागला. उन्हात, नव्या बुटांत, चावणाऱ्या. तालुक्याच्या दिशेला डोळे. आणि हा पंपावर उभा राहून स्वतःसाठी रडत होता. त्याला तात्यांचा राग आला, की त्यांनी बारा वर्षं तोंड मिटून ठेवलं. स्वतःचा आला, तो जास्त. ओट्यावर बसून पायांचे हिशेब ठेवणाऱ्यांचा आला, ज्यांनी बापाला आणि मुलाला एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या लढाया लढायला लावल्या आणि एकाची दुसऱ्याला कळूही दिली नाही. त्याला काहीतरी फोडायचं होतं. समोर फोडण्यासारखी फक्त प्लास्टिकची खुर्ची होती. तो तिच्यावर बसला. गुडघा ठणकत होता.

शेवटी धाकू म्हणाला, "चालवून बघा तरी. कोरा चहा ठेवतंय ती."

लोकेशनं स्प्लेंडर काढली. ती पायाखाली इतकी हलकी होती की पहिल्यांदा त्याला फसवल्यासारखं वाटलं. नुसत्या मांड्यांनी सरळ उभी राहत होती. गावातल्या वळणावर तो थांबला, डावा पाय टेकवला, आणि गुडघ्यानं काहीच म्हटलं नाही. आवाज शिवणाच्या मशीनसारखा. याला कुणी उभं राहणार नव्हतं, दांडा वर होणार नव्हता, हे त्याला पुन्हा वाटलं, आणि ते तसं होणारच होतं, त्यात काही बदल झाला नव्हता. परत आला तेव्हा तात्या पडवीच्या कडेला उभे होते. "मला बसू दे," ते म्हणाले, आणि लोकेशचा खांदा धरून एकाच दमात मागं बसले. पाय सहज पलीकडं गेला. लोकेश आरशात बघत होता आणि या वेळी त्यानं आरसा फिरवला नाही. दुसरी गाडी बघताना त्यानं मायलेज बघितलं होतं, वजन बघितलं होतं, टायर, किंमत, कागद; सीट किती उंच आहे हे त्यानं एकाही गाडीचं बघितलं नव्हतं.

"घ्यायची का?" त्यानं विचारलं.

"घे की. मला काय इचारतोस? तुला चालवायची."

"तुम्हाला बसायचंय म्हणून विचारतोय."

चहा झाला. धाकूनं छत्तीस हजारांखाली एक रुपयाही सोडला नाही. लोकेशनं पैसे दिले, आरसी ताब्यात घेतली, धाकूनं फॉर्मवर सह्या केल्या, प्रत्येक सहीला कागद डोळ्याशी नेऊन. आता गाड्या दोन होत्या आणि चालवणारा एक. धाकू म्हणाला, "मोठी ऱ्हाऊंदे इथंच. पडवी हाय. उद्या येऊन न्या." बुलेट अनोळखी माणसाच्या दारात सोडून जायची ही कल्पना लोकेशला सकाळी सहन झाली नसती. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली. तेजश्रीला फोन केला. "घेतली," तो म्हणाला. ती म्हणाली, "आवाज असा का येतोय?" तो म्हणाला, "ऊन आहे. उद्या सुट्टी काढशील का? मोठी आणायला माझ्याबरोबर ये. येताना ही तू चालव." मग ती म्हणाली, "लायसन्स आहे माझ्याकडं. अकरा वर्षं झाली, तुम्ही कधी विचारलं नाही." त्यानं फोन ठेवला. वळून बघितलं नाहीस, विचारलं नाहीस; आज सगळेच त्याला तेच सांगत होते.

घोडबंदर रस्ता दुपारी तापला होता. स्प्लेंडर ट्रकांच्या कडेनं सरळ, बिनबोभाट चालली होती. लोकेशला काहीतरी बोलायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं. हेल्मेटच्या आत त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि वारा आत घेऊन मिटलं. काशीमिऱ्याच्या सिग्नलला लाल दिवा होता. तो पांढऱ्या पट्ट्यामागं, रांगेत, थांबला. मागं एक पांढरी, उंच, काळ्या काचांची गाडी आली आणि हॉर्न वाजवू लागली. डावीकडं वळायचं होतं तिला, आणि डावीकडं रिक्षा होत्या. हॉर्न थांबेना. काच खाली झाली. "ए स्प्लेंडर! ए, साइड में ले ना! उतर, उतर के साइड में ले!" लोकेशची मान वळायच्या आत मागून आवाज आला, आणि तो इतका मोठा होता की पहिल्यांदा त्याला कळलंच नाही तो कुणाचा आहे.

"उतरत न्हाई!" तात्या ओरडले. ते मागं वळले होते, एक हात लोकेशच्या खांद्यावर, दुसरा हवेत. "लाल दिवा हाय, दिसंना का तुला? तुझ्या बापानं बांधला का रे रस्ता? म्हणं उतर! न्हाई उतरत, जा! काय करायचं ते कर!"

सेहेचाळीस वर्षांत लोकेशनं हा आवाज ऐकलेला नव्हता. तो जाड होता, खरखरीत, खूप दिवस बंद असलेल्या खोलीचं दार ढकलावं तसा अडखळत निघाला होता आणि आता थांबत नव्हता. रिक्षावाले वळून बघत होते. काळी काच वर गेली. दिवा हिरवा झाला, पुढच्या गाड्या निघाल्या, मागचे हॉर्न आता सगळ्याच गाड्यांचे होते. लोकेशचा पाय गिअरवर होता. त्यानं तो दाबला नाही. तात्यांचं अजून बोलून झालं नव्हतं.